आज कशाला भ्यायचं, सर?

तुमच्या घरात असं एखादं यंत्र आहे का, जे बंद पडलं तर घरातलं माणूस बंद पडेल, आणि जे उघडून बघायची परवानगी मात्र तुम्हाला नाही?

उत्तर घाईने देऊ नका. मीही एके काळी चटकन 'नाही' म्हणाले असते. माळशिरस तालुक्यातल्या आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील कारखान्याच्या कामगार संघटनेत होते. घरात कायम पत्रकं चिकटवायच्या खळीचा वास यायचा आणि मी वाचायला शिकले ते 'जाहीर', 'निषेध', 'मागणी' असल्या शब्दांवरून. त्या पत्रकांत राग भरपूर असायचा, भीती कधीच नसायची. भीती काय असते ते मी सोलापुरात शिकले, ज्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते त्या सरांकडून. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, ते पुढे कळेल.

सर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले होते. मूळचे अक्कलकोटकडचे. नवरा-बायको एकमेकांशी कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी. उंच, पुढे झुकलेला माणूस, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. बँकेत सही करायची वेळ आली की तोच बाहेर यायचा आणि काउंटरवरची बाई दचकायची.

त्यांच्या फाटकाशेजारी, रस्त्याकडे तोंड करून, एक काळी पाटी होती. आपल्याकडे चौकाचौकात असे वार्ताफलक असतातच. कुणी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहितं, कुणी नळाला पाणी कुठल्या दिवशी सुटणार ते. सरांच्या पाटीवर रोज सकाळी यंत्रांच्या जगातली एक बातमी असायची, पांढऱ्या खडूने. तिच्याखाली पिवळ्या खडूने सरांचं मत. आणि सगळ्यात खाली, बातमी कुठलीही असो, तीच ओळ: 'किल्ली कुणाकडे?'

परदेशातल्या कुण्या कंपनीने लोकांना विकलेलं पुस्तक त्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकलं, ही बातमी होती तेव्हा सरांनी खाली लिहिलं, 'कपाटाला हात न लावता चोरी झाली आणि तिला चोरी म्हणता येत नाही.' प्रिंटर दुसऱ्या कंपनीची शाई घेत नाहीत, ही बातमी होती तेव्हा: 'गाय आपली, वैरण मात्र त्यांच्याच दुकानातली.' आमच्या शेजारच्या लग्नाची गंमत तर अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. वरातीत बँडने सिनेमाचं गाणं वाजवलं, पोरांनी ती वरात इंटरनेटवर चढवली आणि गाण्याच्या हक्कापायी त्या व्हिडिओचा आवाज गेला. नवरदेव घोड्यावर, मागे पन्नास माणसं हात वर करून नाचतायत आणि सगळं मुकं. सरांनी पाटीवर लिहिलं, 'घोडा आपला, बँड आपला, नवरा आपला. आवाज त्यांचा.' नवरदेवाचा बाप भांडायला आला होता, कारण त्याला वाटलं सरांनीच तक्रार केली.

रस्त्यापलीकडे चहाचा गाडा होता. गाड्यावरच्या मामाचा रोजचा पहिला प्रश्न ठरलेला.

"सर, आज कशाला भ्यायचं?"

सर हातावरचा खडू झटकून अगदी गंभीरपणे सांगत, "आज मीटरला. लाइटचं नवं मीटर येतंय. तिकडं बसून हितली लाइट बंद करता येती."

"काल तर टीव्हीला भ्यालो की आमी."

"टीव्हीला भ्यायचं बंद करा म्हणालो का मी? दोन्हीला भ्यायचं."

"टीव्ही आपलं बोलणं ऐकतो म्हणं," बाकावरचा कुणीतरी म्हणायचा. "ऐकू दे की. घरात बायको ऐकत न्हाई, पोरं ऐकत न्हाईत. कुणीतरी ऐकतंय."

सगळे हसायचे. सर नाही. ते कप खाली ठेवून, हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत राहायचे, जसं शिक्षक वर्गाकडे बघतो आणि मनात म्हणतो की ह्यातले किती पास होणार.

घरात कुठल्याही गंभीर विषयावर बोलायचं म्हटलं की ते आधी सगळ्यांचे फोन गोळा करून लाडवांच्या स्टीलच्या डब्यात घालत आणि झाकण लावत. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, कपाळाला हात लावायच्या.

"अहो, वांग्याची भाजी करायची का दोडक्याची, एवढंच विचारलं मी. हे अमेरिकेला कळलं तर काय हुईल?"

"उद्या वांगं म्हाग झालं म्हंजे कळंल तुला काय हुतं ते."

आणि त्यांचा सगळ्यात मोठा नेम असा की, नवीन वस्तू घरात आली की बटण दाबायच्या आधी ती उघडायची. पंखा असो, मिक्सर असो, रेडिओ असो. आधी सगळे स्क्रू काढायचे, आत बघायचं, बोटाने एकेक भाग ओळखून घ्यायचा, मग बंद करून सुरू करायची. 'हे काढल्यास वॉरंटी रद्द' अशी जी चिकटपट्टी स्क्रूवर असते ती ते हळूच सोलून कपाटाच्या दारावर लावत. दार भरून गेलं होतं. काही घरांत देवस्थानांचे फोटो ओळीने लावलेले असतात ना, तसं.

"नवी वस्तू उंबरा ओलांडती न ओलांडती तवर हे तिचं पोट फाडतात," काकू मला म्हणाल्या होत्या. "माझं लगीन झालं तवा मलाच भ्या वाटलं हुतं."

सर म्हणत, "आत बघितल्याबिगर बटण दाबू नये. देव बी आत असतो, डब्यावर नसतो."

हे देवाचं ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपण हत्यारांची पूजा करतो. सर त्या दिवशी सकाळपासून घरातलं प्रत्येक यंत्र उघडत, धूळ झटकत, तेल देत आणि कुंकवाचं बोट आत टेकवत, सांगाड्याच्या एका कोपऱ्यात. बाहेरून काही दिसायचं नाही. मग सगळे स्क्रूड्रायव्हर, पकडी, पाने धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसरा होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. त्या दिवशी आमच्या भागातले मागसुद्धा मुके असतात. एरवी सोलापुरात इतकी शांतता ऐकू येत नाही.

आता काकूंबद्दल. त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं घरी बसून टॉवेलांच्या कडा शिवल्या. कारखान्यातून गठ्ठे यायचे, शिवून परत जायचे. त्या कामात सुताचा कापूस उडतो. तो त्यांच्या छातीत जाऊन बसला. मी राहायला गेले तेव्हा त्या जिना चढून येत आणि पायरीवर बसून पुढचं वाक्य बोलत. पुढे जिना सुटला. मग अंगण सुटलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी ऑक्सिजनचं यंत्र लागेल, जवळजवळ अख्खा दिवस.

ते यंत्र आलं तेव्हा मी तिथे होते. चाकं लावलेल्या लहान बॅगेएवढं, पांढरंशुभ्र. आसपासची हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून नाकाशी पोचवायचा. एजन्सीचा तरुण माणूस फार नम्र होता. सरांच्या हातात स्क्रूड्रायव्हर बघून म्हणाला, "सर, प्लीज, एवढं एक उघडू नका. सील तुटलं की कंपनी हात लावत नाही. आणि आतला प्रोग्रॅम कंपनीचा आहे. तुम्ही मशीन घेतलंय, प्रोग्रॅम घेतलेला नाही."

सरांनी काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळसर झाले होते. सरांनी स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला. न उघडता घरात आलेली ती एकमेव वस्तू.

त्या दिवसापासून सरांची भीती बदलली. पाटीवर लिहिणं चालूच होतं. पण आता लिहिता लिहिता ते मध्येच थांबत आणि खिडकीकडे कान लावत. आतून यंत्राचा आवाज यायचा. धप्, मग लांब सुस्कारा, पुन्हा धप्. त्या आवाजात जरा खंड पडला असं वाटलं की खडू टाकून धावायचे. यंत्राच्या खोलीत टॉवेल न्यायला बंदी झाली. उदबत्ती बंद झाली. मी ओले केस झटकत तिथून गेले तरी म्हणायचे, "पोरी, लांबून."

त्याच सुमाराला त्यांनी कुठूनतरी कॉपीराइटचा कायदा आणला आणि पेन्सिलीने खुणा करत वाचून काढला. पाटीवर लिहिलं: 'डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण हक्क बुडवण्याच्या इराद्याने तोडलं तरच.' खाली पिवळ्या खडूने: 'इरादा कोण मोजणार? आणि मोजून होईपर्यंत माणूस कुठे बसणार?'

"सर, तुमी कशाला भिताय?" मामा म्हणाला. "तुमच्या घरात कुटं आलंय असलं कुलूप?"

सरांनी खडू खाली ठेवला. खिडकीकडे पाहिलं.

मला राग यायचा. वाटायचं, एवढं सगळं ह्या माणसाला कळतं, तर हा मोर्चा का काढत नाही, नुसता भितो का. आमच्या घरच्या पत्रकांत ज्याला कळलं तो उठून उभा राहायचा. पण त्या पत्रकांतल्या कुणाच्याच नाकात नळी नव्हती.

मग ती खंडेनवमी आली.

सकाळी नेहमीप्रमाणे सगळं झालं. पंखे उघडले, मिक्सर उघडला, प्रत्येकाच्या पोटात कुंकवाचं बोट टेकलं. हत्यारं पाटावर मांडली. सर हात धुवायला निघाले तशा काकू कॉटवरून म्हणाल्या, "अहो, तिला ऱ्हायलं की."

"ती उघडायची न्हाई."

"उघडू नका. वरनंच लावा. मी कुणाच्या जिवावर जगती? आजच्या दिवशी तिलाच वगळलं तर बरं दिसतंय का?"

सरांनी विचार केला. मी त्यांना विचार करताना पाहिलं, म्हणून सांगते की त्यांनी निष्काळजीपणा केला नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून निरांजन स्वयंपाकघरातच ठेवलं. कापूर नाही, उदबत्ती नाही. मग त्यांनी चिमटीने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. जरा जास्तच वाहिलं, कारण ते मनापासून वाहत होते. यंत्राच्या पुढच्या बाजूला एक सुंदर जाळी होती, देवळाच्या गाभाऱ्याला असावी तशी. तिच्यावरच. वर झेंडूचं फूल.

त्याच जाळीतून ते यंत्र हवा ओढत होतं; ती मागून ओढली जाते, असं सर धरून चालले होते. प्रत्येक वस्तू आतून ओळखणाऱ्या माणसाला हे एकच यंत्र फक्त बाहेरून माहीत होतं.

मी नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी खात होते. आधी सुस्कारा आखूड झाला. मग धप्-धप् लवकर व्हायला लागलं. मग शिट्टी. तांबडा दिवा. पडद्यावर इंग्रजीत उमटलं की दोष आढळला आहे, अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा. त्याखाली आकडे भरायला चार रिकाम्या चौकटी. सरांनी बंद करून सुरू केलं. पुन्हा त्याच चौकटी.

कोपऱ्यात अडीनडीला ठेवलेला छोटा सिलिंडर होता. सरांनी नळी त्याला जोडली. नट त्यांच्या हातून दोनदा सुटला, मग मीच फिरवला. सिलिंडरवरचा काटा हिरव्यात होता, पण संध्याकाळपर्यंत पुरेल एवढाच.

कंपनीच्या नंबरवर बराच वेळ संगीत वाजलं. मग एका मुलीचा गोड आवाज. "सर, उद्या दसऱ्याची सुट्टी आहे. परवा पुण्याहून इंजिनिअर येतील."

"परवा?"

"हो सर. तोपर्यंत मशीन वापरू नका."

सरांनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वापरू नका म्हणती."

एजन्सी बंद होती. सिलिंडरच्या दुकानात एका कामगाराने फोन उचलला. "सर, शटर बंद हाय. मालक तुळजापूरला गेल्यात देवीला. किल्ली त्यांच्याकडंच हाय." त्या कामगाराची काही चूक नव्हती. पण सरांचा चेहरा असा झाला, जणू इतकी वर्षं पाटीवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी पहिल्यांदाच दिलं होतं.

मी म्हणाले, हॉस्पिटलात नेऊ. मागच्या वेळी तिथून काकू असा संसर्ग घेऊन आल्या होत्या की त्यातून उठतील असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनीच बजावलं होतं, दुसरा इलाज नसेल तेव्हाच आणा. तरी मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. देवीच्या मिरवणुकांनी रस्ते अडले होते. येतो म्हणाले, कधी ते सांगता येणार नाही म्हणाले.

सर कॉटच्या पायथ्याशी बसले. "यप्पा," एवढंच म्हणाले, कानडीत 'देवा रे' म्हणतात तसं. 

"सर, उघडू या."

"सील हाय त्याला. फुटलं तर परवाचा इंजिनिअर बी परत जाईल. मग पुढं काय? आनि कुलूप हाय पोरी. कायदा हाय. इरादा कोण..."

"इरादा ह्या कॉटवर बसलाय, सर," मी म्हणाले. "त्याच्या नाकात नळी आहे. कुणालाही मोजता येईल."

ते हलले नाहीत. पाटाकडे बघत राहिले. त्यांचा स्क्रूड्रायव्हर तिथे होता, धुतलेला, कुंकू लावलेला, फुलाखाली. आज तो उचलायचा नव्हता.

काकू उठल्या. नळी ताणली गेली, तशी मी सिलिंडर जवळ ओढला. त्या वाकल्या, झेंडूचं फूल बाजूला केलं, स्क्रूड्रायव्हर उचलला, पदराने त्यावरचं कुंकू पुसलं, कपाळाला लावला आणि नवऱ्यापुढे धरला.

"देवीला काय सांगायचं ते मी सांगती," त्या म्हणाल्या. मग कानडीत एकच शब्द, "तगीरी." उघडा.

सील तुटण्याचा आवाज फार लहान असतो. कागद फाटल्याएवढाही नाही. आतली गाळणी लालभडक झाली होती. सर तिच्याकडे बघत राहिले. "हे मी केलं," ते म्हणाले. मग ब्लोअरने, ब्रशने, शेवटी स्वतःच्या धोतराच्या कोरड्या टोकाने त्यांनी ती साफ केली. त्या कामात त्यांच्या हातून काही सुटलं नाही. झाकण बसवलं. बटण दाबलं.

चार रिकाम्या चौकटी.

हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे. आता त्या यंत्रात काहीही बिघाड नव्हता. गाळणी साफ होती, मोटार ठीक होती. हवा होती, वीज होती. नव्हती ती फक्त परवानगी. आणि सिलिंडरचा काटा हिरवं सोडून पिवळ्यात आला होता.

सरांचा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या शहरात ह्याच धंद्यात होता. सरांनी त्याला फोन लावला आणि मी ऐकावं म्हणून स्पीकरवर टाकला. एरवी फोन लाडवांच्या डब्यात घालणारा माणूस.

"सर, नंबर मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "पण सांगितला तर माझी नोकरी जाईल. आम्ही तसं सही करून दिलंय सर."

"व्हय. तुझं बरोबर हाय."

 सिलिंडरचा सुस्कारा तेवढा.

"सर, काकू आहेत का तिथं?"

"हायत."

"काकू, तुमच्या हातची शेंगाचटणी मी दोन वर्षं खाल्लीय," तो म्हणाला, आणि मग त्याने चार आकडे सांगितले. पटकन, ओळीने.

सर लगेच म्हणाले, "मला काय ऐकू आलं न्हाई. फोन कट झाला हुता. तुला बी कुणाचा फोन आलेला न्हाई." आणि फोन ठेवून आकडे दाबले.

धप्. लांब सुस्कारा. धप्.

काकूंनी नळी बदलून घेतली आणि म्हणाल्या, "पोळ्या गार झाल्या सगळ्या." सर यंत्राला हात लावून जमिनीवर बसून राहिले, म्हशीच्या पोटाला हात लावून बसतात तसे. संध्याकाळी केव्हातरी ॲम्ब्युलन्स आली, तिला परत पाठवलं.

दसऱ्याच्या सकाळी पाटीवर पांढऱ्या खडूने होतं: 'काल एका घरातलं ऑक्सिजनचं यंत्र कुंकवाने बंद पडलं. चूक घरमालकाची.' पिवळ्या खडूने: 'साफ केलं तरी चालेना. कुलूप होतं. ते मी तोडलं. एकट्याने.' आणि खाली ती नेहमीची ओळ. त्या 'एकट्याने'वर त्यांनी खडू दोनदा फिरवला होता.

मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा आणि गोळ्या कापडी पिशवीत भरल्या आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून पोलिसांची वाट बघत बसले. मामाने त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. रस्ता ओलांडून स्वतः चहा घेऊन आला. गल्लीतले लोक आपट्याची पानं देऊन पाया पडून जात होते आणि सर पिशवी मांडीवर घेऊन प्रत्येकाला आशीर्वाद देत होते, निरोप द्यावा तसा. पोलीस आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

आला तो इंजिनिअर. त्याने तुटलेलं सील पाहिलं. जाताना फाटकाशी थांबून पाटीचा फोटो काढला. आणि काही दिवसांनी, पाटीवर अजून तोच मजकूर असताना, तोच नम्र एजन्सीवाला आला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"सर, कंपनी काही करणार नाही. काकूंकडे बघून आम्हीच रदबदली केलीय. सीलही नवीन लावून देतो. मशीनमध्ये नवा प्रोग्रॅम टाकतोय, जुना नंबर आता चालणार नाही. सुरक्षिततेसाठीच सर, दुसरं काही नाही. फक्त तेवढं पाटीवरचं पुसून टाका. वरचे लोक बघतात. उद्या सर्व्हिसला काही अडचण नको."

त्याने धमकी दिली असती तर मला बोलायला जागा मिळाली असती. त्याने काकूंना तब्येत विचारली, चहा घेतला, कप स्वतः आत नेऊन ठेवला.

सर उठले, फाटकाशी गेले. फडकं खिळ्याला टांगलेलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. तळहाताने पुसलं. किल्लीची ओळसुद्धा.

तेव्हापासून पाटी कोरी आहे.

मामाने काही दिवस विचारून पाहिलं, "सर, आज कशाला भ्यायचं?"

"कशाला भ्यायचं? सगळं छान हाय की."

मग मामाने विचारायचं सोडलं. मला म्हणाला, "ताई, सर भीत हुते तवा आमाला बरं वाटायचं. आमच्या वाटचं कुणीतरी भ्यायलंय म्हणून आमी हसत हुतो. आता हसू बी येत न्हाई."

नोकरीमुळे मी ती खोली सोडली. परवा भेटायला गेले. धप्, सुस्कारा, धप्. आवाज फाटकापर्यंत आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सरांच्या खिशात पेन होतं. त्यांनी माझा नवा फोन हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "छान हाय. उघडू नको बरं का." कपाटाच्या दारावरच्या चिकटपट्ट्या खरवडून काढल्या होत्या. डिंकाचे डाग तेवढे राहिले होते.

सर चहा ठेवायला आत गेले तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं. थांबत थांबत बोलल्या.

"मशीन बरी हाय गं. ह्यांचाच आवाज बंद झालाय. माझ्यापायी गप्प बसल्यात. दिवसभर तिच्याकडं बघत बसतात, धूळ बसली का, धूळ बसली का." त्यांनी श्वास घेतला. "तू लिही की. तुझं नाक कुटं अडकलंय तिच्यात?"

"काकू, आणि त्यामुळे काही झालं तर?"

"झालं तर कुलपामुळं हुईल. लिहिल्यामुळं न्हाई. नाव तेवढं घालू नको आमचं."

म्हणून नाव घातलं नाही. त्यांचं नाही, कंपनीचं नाही, त्या विद्यार्थ्याच्या गावाचंही नाही. पण ज्या घरात मी वाढले तिथे कुठलंही पत्रक मागणीवाचून संपत नसे, आणि माझी मागणी तुमच्याकडे आहे.

ह्या खंडेनवमीला हळदकुंकवाचं ताट हातात घ्याल, तेव्हा आधी थांबा. ज्या यंत्रावर घरातल्या कुणाचा श्वास, कुणाची साखर, कुणाच्या छातीचे ठोके अवलंबून आहेत ते वळवून बघा. ते हवा कुठून घेतं ते शोधा आणि तिथे कुंकू वाहू नका. त्याचं सील शोधा. मग सण यायच्या आत, दुकानं उघडी असतानाच, ज्याने ते विकलं त्याला फोन लावा आणि विचारा: हे सुट्टीच्या दिवशी बंद पडलं आणि दुरुस्त होऊनही सुरू झालं नाही, तर किल्ली कुणाकडे? जे उत्तर मिळेल ते तुमच्या चौकातल्या पाटीवर लिहा. नावं नकोत. प्रश्न आणि उत्तर, एवढंच. कुणी नम्रपणे पुसायला सांगेल. पुसू नका.

तुमच्या चौकात पाटी नसेल तर भिंत असेल, दुकानाचं शटर असेल. सोलापूरला आलात तर आमच्या सरांच्या फाटकाशीही एक पाटी आहे, कोरी, खाली खडूची खोकी अजून ठेवलेली. तिच्यावर मात्र कुणी काही लिहू नका. ती सरांसाठी राहू द्या.